चौथ्या खुर्चीचा हिशेब

प्रश्न : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा स्पेशल पर्पज मशिन (एकेका ठरावीक कामासाठी बांधलेली यंत्रे) आणि फिक्स्चर (यंत्रावर नग पक्का धरणारी चौकट) बनवण्याचा कारखाना आहे. एकूण ३४ माणसे आहेत. डिझाइन विभागात प्रमुखांखेरीज चार इंजिनिअर होते, त्यांतला एक गेल्या महिन्यात पुण्याची नोकरी मिळाली म्हणून सोडून गेला. प्रत्येकाचा पगार ४५,००० रुपयांच्या आसपास आहे. वर्षातले तीन-साडेतीन महिने चारपैकी दोघांना काम नसते, आणखी तितकेच महिने एकाला नसते, आणि उरलेले पाचेक महिने चौघेही रात्री आठपर्यंत थांबून काम उरकत नाही. पुण्याच्या एका एजन्सीने कंत्राटी डिझाइन इंजिनिअर तासाला ५०० रुपये अधिक जीएसटी या दराने देऊ केले आहेत. माझे धाकटे बंधू भागीदार आहेत. त्यांचे म्हणणे असे की चौघांवर वर्षाला २५ लाख जातात, सगळे डिझाइन कंत्राटावर नेले तर पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा आणि बसून पगार हे सारे टळून निम्मे तरी वाचतील. मला ते पटतही नाही आणि खोडूनही काढता येत नाही. दोन वर्षांचा महिनावार तक्ता सोबत जोडला आहे.
एक उद्योजक, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुम्ही तक्ता जोडला हे फार बरे केले. या विषयावरची बहुतेक पत्रे पगाराचा आकडा आणि एजन्सीचा दर एवढ्यावरच संपतात आणि मग उत्तर देणाऱ्याला अंदाजपंचे लिहावे लागते. तुमचे उत्तर तुमच्या तक्त्यातच आहे. तुमच्या बंधूंना अपेक्षित आहे त्यापेक्षा त्यातली बचत पुष्कळ लहान आहे, एवढे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम एका कायम इंजिनिअरचा खरा खर्च मांडू. महिना ४५,००० प्रमाणे वर्षाचे ५,४०,००० रुपये झाले. मूळ वेतन त्याच्या निम्मे, म्हणजे २२,५०० धरले आणि पीएफ तुम्ही पूर्ण मूळ वेतनावर भरता असे मानले, तर मालकाचा १२ टक्के वाटा आणि त्यावरचा प्रशासकीय व विम्याचा सुमारे एक टक्का मिळून वर्षाला ३५,१०० रुपये होतात. ग्रॅच्युइटी आज हातातून जात नसली, तरी सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे साधारण १२,९८० रुपये तुमच्या डोक्यावर चढतच असतात. जुन्या बोनस कायद्याची मर्यादा २१,००० रुपये वेतनाची होती; तीच धरली तर या मंडळींना तो लागत नाही, पण दिवाळीला एक मूळ पगार सानुग्रह देण्याची पद्धत तुमच्याकडेही असेल असे धरून २२,५०० मिळवले, आणि सामूहिक आरोग्य विमा व किरकोळ बाबींचे १२,००० धरले, तर एकूण ६,२२,५८० रुपये होतात. संगणक, सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा परवाना आणि बसायची जागा यांत मुद्दाम धरलेली नाही, कारण कंत्राटी माणूस तुमच्या कार्यालयात बसून काम करणार असेल तर तो खर्च दोन्हीकडे सारखाच आहे.

वर्षातून रविवार, सण आणि रजा वजा जाता हा इंजिनिअर साधारण २८० दिवस, म्हणजे २,२४० तास उपलब्ध असतो. त्यामुळे त्याचा तास तुम्हाला २७८ रुपयांना पडतो. बंधू म्हणतील की ही तर उपस्थितीची किंमत झाली, कामाची नव्हे. आणि ते बरोबरच आहे. त्याच्या हाताला वर्षाचे साठ टक्केच दिवस काम असेल, तर कामाचा तास ४६३ रुपयांवर जातो. कंत्राटी माणसाचा तास ५०० चा, पण काम नसेल त्या दिवशी त्याचा खर्च शून्य. म्हणून दर कोणाचा कमी हे पाहण्याऐवजी किती दिवसांनंतर पारडे फिरते, ते पाहावे. ६,२२,५८० ला ५०० ने भागले की १,२४५ तास येतात, म्हणजे सुमारे १५६ दिवस. एखाद्या खुर्चीला वर्षात १५६ दिवसांपेक्षा कमी काम असेल तर कंत्राट स्वस्त, जास्त असेल तर नोकरी स्वस्त.

पण हा १५६ चा आकडा एजन्सीच्या बाजूने झुकलेला आहे. नवा माणूस येतो तेव्हा तुमच्या कारखान्याच्या रीती त्याला ठाऊक नसतात. ड्रॉइंग क्रमांक कसे पडतात, कोणत्या ग्राहकाला कोणत्या कंपनीचा सिलिंडर चालतो, तुमच्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या कटाई यंत्रावर) किती लांबीची बेस प्लेट बसते, हे शिकण्यात कामाचे दहा दिवस जातात आणि त्या ८० तासांचे ४०,००० रुपये बिलात येतातच. शिवाय त्याचे काम तपासायला तुमच्या विभागप्रमुखांचा रोज निदान एक तास जादा जातो. त्यांचा तास ४५० रुपयांचा धरला, तर कंत्राटी तासावर आणखी ५६ रुपये चढतात. हे दोन्ही धरले की पारडे १५६ ऐवजी १३१ दिवसांवरच फिरते. जीएसटी मी यात धरलेला नाही, कारण तुमच्या मशिनवर तुम्ही जीएसटी आकारता आणि एजन्सीच्या बिलातल्या १८ टक्क्यांची वजावट तुम्हाला मिळते; मात्र ती मिळेपर्यंत तेवढे पैसे तुमच्या खेळत्या भांडवलातून अडकतात, हे विसरू नये. टीडीएस हा तर खर्चच नव्हे. तो कापून भरायचा असतो, आणि किती टक्क्यांनी कापायचा ते तुमचे सीए कामाचे स्वरूप पाहून सांगतील.

आता तुमचा तक्ता. इथे बहुतेक जण सरासरी काढतात आणि तिथेच फसतात. चौघांचे मिळून काम ८८० दिवसांचे आहे, उपलब्ध दिवस १,१२० आहेत, म्हणजे सरासरी ७९ टक्के, असे म्हटले की काहीच कळत नाही. त्याऐवजी खुर्च्या एकेक करून पाहा. पहिल्या दोन खुर्च्या एकाही महिन्यात रिकाम्या नाहीत, त्यांचे २८० दिवस भरलेले आहेत. तिसरीला सुमारे २०० दिवस काम आहे. चौथीला जेमतेम १२० दिवस. प्रश्न एवढ्या चौथ्या खुर्चीपुरताच आहे. ती १३१ च्या खाली आहे, म्हणून ती कंत्राटावर जावी. तिसरी मात्र नोकरीतच राहिली पाहिजे, आणि त्यात शंकेला जागा नाही. तिचे २०० दिवस कंत्राटाने भरायचे म्हटले तर शिकण्याचा आणि तपासणीचा खर्च धरून ९,२९,६०० रुपये लागतील, जिथे आज ६,२२,५८० लागतात. एजन्सीने घासाघीस करून दर ३५० वर आणला, तरी पारडे १८३ दिवसांवर फिरते आणि तिसरी खुर्ची त्याच्या वरच राहते. तो इंजिनिअर ८० दिवस बसून असतो हे खरे. पण त्या दिवसांत नग आवळणारे क्लॅम्प, नग टेकवायचे रेस्ट पॅड, नगाची जागा ठरवणारे लोकेटर यांची प्रमाणित मॉडेलची लायब्ररी करून घेतली, तर पुढच्या हंगामात चौघांचेही तास वाचतील. मला तर ती बसण्याची मुदत फुकट गेलेली वाटतच नाही. अर्थात हे माझे मत आहे, हिशेबात मी त्याचा एक रुपयाही धरलेला नाही.

बंधूंच्या योजनेप्रमाणे सगळेच कंत्राटावर नेले तर काय होईल? ८८० दिवसांचे ७,०४० तास गुणिले ५०० म्हणजे ३५,२०,००० रुपये, तेही शिकणे आणि तपासणी न धरता. चौघांच्या नोकरीचा आजचा खर्च २४,९०,३२० आहे. निम्मे वाचायचे राहिले दूर, दहा लाखांहून अधिक जादा जातील. रिकामे महिने डोळ्यांना टोचतात, म्हणून बंधूंनी ते वजा केले. भरलेल्या महिन्यांत तासामागे जवळपास दुप्पट मोजावे लागणार आहेत, हे त्यांच्या हिशेबात आलेले दिसत नाही. चौथ्या खुर्चीपुरता कंत्राटाचा खर्च ५,७३,७६० येतो, म्हणजे वर्षाची बचत ४८,८०० रुपये. एवढीच. तुम्हाला ती क्षुल्लक वाटली तर मी आश्चर्य करणार नाही.

तरीही चौथी जागा कंत्राटाने भरावी असे मी म्हणतो, ते या ४८,८०० साठी नाही. तुमचा खरा तोटा त्या पाच महिन्यांत होतो, जेव्हा चौघेही आठपर्यंत थांबतात आणि ड्रॉइंग तरीही उशिरा सुटतात. मोठ्या ग्राहकांच्या पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) उशिराबद्दल आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच टक्के कपातीचे कलम सर्रास असते. समजा ६० लाखांचे मशिन चार आठवडे उशिरा गेले, तर १,२०,००० रुपये गेले. नोकरीवरचा चौथा माणूस हा एकच असतो. कंत्राटात मात्र जानेवारीत दोन आणि जूनमध्ये शून्य असे करता येते. पीएलसीचे (यंत्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाचे) प्रोग्रॅमिंग, रोबोला हालचाली शिकवणे किंवा एखाद्या गर्डरवरच्या ताणांचे विश्लेषण अशी जी कामे वर्षातून पंधरा-वीस दिवसच निघतात, त्यांच्यासाठी कायम माणूस ठेवण्याचा विचारही करू नये. तिथे तासाला १,००० रुपये मोजले तरी परवडते.

आता पैशांत न मांडता येणारी एक गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात डिझाइन विभाग पाहत होतो. गिअरबॉक्स हाउसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) बोअरिंग, म्हणजे भोक अचूक मापाला कापण्याच्या, फिक्स्चरचे काम आम्ही एका कंत्राटी डिझायनरकडून करून घेतले. माणूस उत्तम होता. त्याने तीन रेस्ट पॅडपैकी एक मध्यापासून १८ मिलिमीटर एका बाजूला सरकवून ठेवला होता. दिसायला ते बेंगरूळ दिसे. काम संपले, तो गेला. आठ महिन्यांनी ग्राहकाने हाउसिंगमध्ये बदल केला, तेव्हा दुसरा कंत्राटी डिझायनर आला. त्याने ड्रॉइंग सुधारता सुधारता तो पॅड नीट मध्यावर आणून ठेवला. ट्रायलला ५० पैकी ११ नग बोअरच्या जागेत नापास झाले. दोन दिवस मशिनच्या स्पिंडलला (हत्यार फिरवणाऱ्या दांड्याला) दोष दिल्यावर एका वयस्क फिटरने नग हाताने दाबून पाहिला, तर तो पॅडवर डुगडुगत होता. मध्यावर कास्टिंगची पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची रेघ) येत होती आणि तिथे केसाएवढा उंचवटा होता. पहिल्याने पॅड सरकवला होता तो त्यासाठी. ते कारण ना ड्रॉइंगवर होते, ना कोणाच्या लक्षात. त्यातून आम्हाला पहिल्याने दिलेल्या फाइली फक्त पीडीएफ आणि स्टेप (नुसता आकार देणाऱ्या) स्वरूपात होत्या, त्यामुळे मूळ मॉडेल दुरुस्त करता येईना आणि ते जवळपास नव्याने काढावे लागले. दोष त्या दोघांचा नव्हता, तो माझा होता. करारात फाइली कोणत्या स्वरूपात द्यायच्या हे मीच लिहिले नव्हते.

म्हणून कामाची विभागणी करताना नव्या मशिनची संकल्पना, लोकेशन आणि क्लॅम्पिंगचा निर्णय तुमच्या तिघांकडेच ठेवावा, आणि तपशिलाची ड्रॉइंग, बीओएम (लागणाऱ्या भागांची यादी), जुन्या मशिनची पुनरावृत्ती अशी कामे कंत्राटी माणसाकडे द्यावीत. प्रत्येक असेंब्लीबरोबर 'असे का केले' याचे एक पानी टिपण घ्यावे, आणि ते मिळाल्याशिवाय शेवटच्या १० टक्के बिलाला हात लावू नये.

कायद्याच्या बाजूने तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागेल. पहिली पीएफची. पीएफच्या कायद्यात ठेकेदारामार्फत कामावर असलेला माणूसही कर्मचाऱ्याच्या व्याख्येत येतो, आणि ठेकेदाराने त्याचा पीएफ भरला नाही तर जबाबदारी मूळ मालकावर येते. म्हणजे बंधू म्हणतात तसा पीएफ 'टळत' नाही. तो ५०० च्या दरात दडलेला असतो, आणि एजन्सीने चुकवला तर दुसऱ्यांदा तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. दर महिन्याच्या बिलासोबत चलनाची प्रत मागावी.

दुसरी गोष्ट एजन्सी वगळून थेट 'सल्लागार' नेमण्याची, जी तुमच्या बंधूंना आज ना उद्या सुचेलच. एखाद्याला कागदावर सल्लागार म्हणायचे, पण त्याने सकाळी साडेनऊला अंगठा लावायचा, रजेसाठी तुमच्या विभागप्रमुखांना अर्ज द्यायचा आणि तुमच्या नावाचे व्हिजिटिंग कार्ड वापरायचे, असे असेल तर न्यायालय कागदाकडे पाहत नाही. गुजरातेतल्या ध्रांगध्राच्या मिठागरांतल्या अगरियांच्या (मीठ पिकवणाऱ्यांच्या) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच सांगून ठेवले आहे की काम काय करायचे एवढेच नव्हे, तर कसे करायचे यावर मालकाचे नियंत्रण असेल तर तो कामगार ठरतो. आणि अगरिया तर हंगामी होते, स्वतःची मदतनीस माणसेही ठेवत होते. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने वर्षानुवर्षे 'फ्रीलान्सर' म्हणून राबवलेल्या लोकांशी २००० साली ९ कोटी ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली, तेव्हाही मुद्दा हाच होता. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार म्हणजे सुरक्षित, अशी एक समजूत आहे. ती बहुधा भाडेकरारावरून आली असावी. नोकरीच्या कायद्यात सलग सेवेसाठी वर्षातले २४० दिवस मोजले जातात, आणि ते अकरा महिन्यांत केव्हाच उलटलेले असतात. एकाच माणसाला बारा महिने ठेवायचे असेल तर सरळ मुदतीच्या नोकरीवर घ्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार (नव्या कामगार कायद्यांनुसार) अशा कर्मचाऱ्याला कायम कर्मचाऱ्याइतकेच लाभ आणि एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी द्यावी लागते, ते खर्चात धरूनच ठरवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. कारखान्यातल्या नोकराने काढलेल्या ड्रॉइंगचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, कारखान्याचा मालकच असतो. कंत्राटी माणसाच्या बाबतीत तसे नाही. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याप्रमाणे पैसे तुम्ही मोजले तरी ड्रॉइंग आणि प्रोग्रॅमचा हक्क ते करणाऱ्याकडे, किंवा तो एजन्सीचा नोकर असेल तर एजन्सीकडे राहतो, जोपर्यंत तो लेखी आणि सहीनिशी तुमच्या नावे होत नाही. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची समजतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरती. तुम्ही उद्या मशिन परदेशी पाठवणार असाल, तर 'सर्व काळासाठी, सर्व देशांसाठी' हे शब्द त्यात हवेतच. काम संपल्यावर तो तुमच्या शेजारच्या स्पर्धकाकडे जाऊ नये असे कलम एजन्सी कदाचित सुचवील. त्यावर विसंबू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे ते टिकत नाही. गुप्ततेचे कलम मात्र टिकते, ते घालून घ्यावे.

सुदैवाने तुमची चौथी खुर्ची आधीच रिकामी आहे, म्हणजे कोणाला काढावे लागणार नाही. पण एजन्सीचा माणूस भेटून गेल्याचे उरलेल्या तिघांना कळलेच असेल, आणि 'सगळे कंत्राटावर जाणार' ही कुजबुज अंबडच्या चहाच्या टपऱ्यांवर पोहोचायला फार वेळ लागत नाही. त्यांतला आणखी एक पुण्याला गेला तर वर केलेला सगळा हिशेब कोसळेल. तेव्हा एजन्सीला उत्तर देण्याआधी त्या तिघांना एकत्र बसवून त्यांच्या जागा कायम आहेत हे स्वतः सांगावे, आणि शक्य झाल्यास बंधूंनाच ते सांगू द्यावे. त्यानंतर एजन्सीला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : पाठवलेला माणूस मध्येच सोडून गेला तर बदली माणसाच्या शिकण्याचे ८० तास कोण सोसणार, किमान किती तासांचे बिल तुम्हाला द्यावेच लागेल, आणि ५०० रुपयांतले किती त्या इंजिनिअरच्या हातात पडतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ते टाळतील. तरी विचारा, कारण तो आकडा २५० च्या खाली असेल तर तुमच्याकडे येणारा माणूस पाच महिन्यांचा हंगाम पुरा करण्याची शक्यता कमी आहे.